हवामास्तरांचा हिवाळा

हवामास्तर शहरात आले ते एकाच कामासाठी, नातीला मांडीवर घ्यायला. काम तसं किरकोळ. आजोबा मंडळी ते जगभर करत असतात आणि त्याचा पगार कुणी मागत नाही. पण मास्तरांनी त्यासाठी गावातलं घर बंद केलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि लेकीच्या इमारतीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली. लेकीच्या घरात एक आख्खी खोली त्यांच्या नावाने रिकामी पडली होती. तरीही त्यांनी वेगळं बिऱ्हाड मांडलं, आणि त्याला कारण होतं फ्लूचं.

बाळ दिवस भरायच्या आधीच जन्माला आलं होतं. फुप्फुसं नाजूक. काचेच्या पेटीतून सुटका होऊन घरी निघताना बालरोगतज्ज्ञांनी लेकीला बजावलं, "फ्लूचा हंगाम तोंडावर आलाय. तो ओसरेपर्यंत जपा. घरात वर्दळ नको." लेकीने तिथूनच वडिलांना फोन लावला. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनाकडे, तो हिवाळा सरल्याशिवाय परतणार नव्हता. आई केव्हाच गेलेली. राहता राहिले बाबा.

"हंगाम ना?" मास्तर फोनवर हसले होते. "दोन-तीन आठवड्यांचा तर खेळ. मी येऊन समोरच राहतो. साथ गेली की मी सांगेन. तोवर दार उघडायचं नाही. मलासुद्धा नाही."

"तुम्ही म्हणाल तसं," लेक म्हणाली.

ही लेक काही कुणाचंही मुकाट ऐकणाऱ्यांतली नव्हती. फाटे फोडण्यात तिचा हात धरणारं माणूस अख्ख्या गावात नव्हतं. पण हवेच्या बाबतीत बापाचा शब्द तिच्या लेखी शेवटचा होता, आणि तो तसा उगाच झाला नव्हता.

त्यांचं गाव म्हणजे एक सूतगिरणी आणि तिला धरून बसलेली घरं. गिरणीत मास्तरांचं काम हवा सांभाळायचं. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण सूत फार नखरेल असतं. हवा कोरडी झाली की धागा तटातट तुटतो, यंत्रं थांबतात आणि मुकादम बोंब ठोकतो. म्हणून मास्तरांच्या भिंतीवर दोन तापमापक असायचे, एक सुका आणि दुसऱ्याच्या टोकाला ओली वात गुंडाळलेली. दोघांच्या आकड्यांतलं अंतर वाढलं की हवा सुकली असं समजायचं आणि छतातले पाण्याचे फवारे सोडायचे. दर हिवाळ्यात एक वेळ अशी यायची की फवारे कितीही सोडा, बाहेरची कोरडी हवा आत शिरून सगळी ओल पिऊन टाकायची. तसं झालं की पाठोपाठ फ्लू ठरलेला. आणि तो यायचा तो असा, की सगळं गाव एकदम आडवं. शाळेचे बाक रिकामे, निम्मी गिरणी थंड, टपाल पडून, न्हावी अंथरुणात. मग हवेत ओल परतली की हा पाहुणा गाशा गुंडाळायचा. मास्तर गिरणीच्या दाराबाहेर येऊन म्हणायचे, "झालं, उघडा खिडक्या," आणि लोक उघडायचे. त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याचा त्यांना थोडा तोराही होता, आणि तो लपवायच्या भानगडीत ते पडले नव्हते.

शहरात आल्या आल्या त्यांनी खिडकीबाहेर दोन तापमापक टांगले, वात भिजवली आणि वाट पाहायला लागले.

दिवस त्यांचा ठरून गेला. सकाळी उठून लेकीसाठी भाजी, दूध, औषधं आणायची. रस्ता ओलांडून तिच्या दाराशी पिशवी ठेवायची, बेल दाबायची आणि अर्धा जिना उतरून उभं राहायचं. मग दार उघडायचं. लेक पिशवी उचलायची आणि वरून विचारायची, "काय म्हणते हवा?"

"दमट आहे अजून. यायचीय."

"जेवलात का काल नीट?"

"जेवलो तर. तू?"

"मी पण."

दोघंही थोडं थोडं खोटं बोलत होते. मास्तर एकट्यापुरतं काय शिजवायचं म्हणून पाव दुधात बुडवून खात होते. लेक उभ्या उभ्या जे हाताला लागेल ते तोंडात टाकत होती. पण जिन्यातून कुणाच्या पोटात डोकावता येत नाही, म्हणून दोघांचं भागत होतं.

दुपारी लेक बाळाला घेऊन खिडकीशी यायची. रस्ता रुंद होता, मध्ये दोन काचा होत्या. मास्तरांना दिसायचा तो एक गुंडाळलेला टॉवेल आणि त्याच्या टोकाला काहीतरी गुलाबी. ते हात हलवायचे. टॉवेल काही हलवायचा नाही. संध्याकाळी फोनवर लेक बाळाचा चेहरा जवळून दाखवायची. नाक कुणावर गेलंय यावर बापलेकीचा वाद व्हायचा. पण फोनवर चेहरा दिसतो, वजन कळत नाही. मास्तरांना वजनच हवं होतं. आयुष्यभर ज्या माणसाने डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मोजली, त्याला एकदा तरी हातात मावेल असं काही धरायचं होतं.

आणि हवा कोरडी व्हायच्या आधीच शहर खोकायला लागलं.

सुरुवातीला मास्तरांनी मनावर घेतलं नाही. खालचा वाणी शिंकत होता, त्याला मसाल्याची ॲलर्जी असेल. मग बसमध्ये समोरची बाई खोकली. मग शेजारचा बसड्रायव्हर, मग लिफ्ट दुरुस्त करणारा. एक बरा झाला की दुसरा. पण बस भरलेल्या, दुकानं उघडी, कामं चालू. मास्तर खिडकीत जाऊन आकडे पाहत, आणि आकडे सांगत होते की हवा ओली आहे, फ्लूला अजून वेळ आहे. दारात उभं राहून पाहुण्याची वाट पाहावी आणि तो मागच्या दाराने येऊन स्वयंपाकघरात जेवायला बसलेला असावा, तशी त्यांची गत झाली होती.

मग खरोखरच हवा सुकली. ओठ फुटले, दाराची मूठ धरली की चटका बसू लागला. मास्तरांच्या जिवात जीव आला. आता भडका उडेल, शहर आडवं होईल, आणि मग संपेल. त्यांनी लेकीला सांगितलं, "आली बघ. आता मोजकेच दिवस." लेक हसली. पुष्कळ दिवसांनी मोकळी हसली.

भडका उडाला नाही. खोकणारे थोडे वाढले, एवढंच. शहर काही झोपलं नाही. मग हवेत पुन्हा ओल आली, धुकं पडलं, भिंतींना पाणी सुटलं. गावात असतं तर मास्तरांनी त्याच सकाळी खिडक्या उघडायला सांगितल्या असत्या. पण नेमक्या त्या धुक्यात बसड्रायव्हर दुसऱ्यांदा आजारी पडला. त्याच्या दाराशी पार्सलं साठत गेली तेव्हा मास्तरांनी दार वाजवलं. दार बोटभर उघडलं.

"काही आणून देऊ का? पाणी, औषध?"

"नको काका, ऑनलाइन येतं सगळं," आतला आवाज म्हणाला, आणि दार लागलं. बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच काही नको होतं. मास्तर आपल्या खोलीत परत आले आणि खुर्चीवर बसून राहिले.

गावातल्या आजारपणाची त्यांना आठवण येई ती अशा वेळी. तिथं ताप आला की सगळ्यांनाच यायचा. मुकादम आपल्या खिडकीतून शिव्या घालायचा, हे आपल्या खिडकीतून उत्तर द्यायचे. आधी उठलेला मागून पडणाऱ्यांच्या घरी सूपाचं पातेलं घेऊन फिरायचा, आणि ते सूप इतकं बेचव असायचं की लोक लवकर बरे व्हायचे. आजारी पडणं हे तिथं चार माणसांत बसण्यासारखंच होतं. इथं लाखो माणसं होती आणि प्रत्येक जण आपापली पाळी आल्यावर एकेकटा दार लावून घेत होता. मास्तरांना त्या बोटभर फटीची भीती वाटू लागली होती.

"संपली का हो बाबा?" लेक जिन्यावरून विचारायची.

"थोडं थांब अजून."

पुन्हा हवा सुकली, पुन्हा ओली झाली. प्रत्येक वेळी मास्तर म्हणाले, थोडं थांब. लेकीचं विचारणं कमी झालं. मग नुसती पिशवी उचलून ती उभी राहायची, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, आणि बघत राहायची. एकदा म्हणाली, "बाबा, आज ती कुशीवर वळली." म्हणाली आणि रडायला लागली. मास्तरांचा पाय नकळत एक पायरी वर चढला. "तिथंच थांबा," लेकच म्हणाली. ते थांबले.

हिवाळ्याच्या शेवटी शेवटी मास्तरांची स्वतःची पाळी आली.

सकाळी उठताना पाय जमिनीला टेकेनात. अंग असं दुखत होतं की जणू कुणी धोपटून काढलंय. त्यांनी लेकीला फोन केला, घसा शक्य तेवढा साफ करून. "आज खाली नळाचं काम निघालंय. वाण्याला सांगितलंय, पोरगा पिशवी ठेवून जाईल."

"आवाज असा का येतोय?"

"लाइन खराब आहे."

ताप उतरेना म्हणून ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. तपासून झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "ही साथ संपणार कधी?"

"कुठली साथ?"

"फ्लूची. आमच्या गावात कोरडी हवा आली की येते, ओल आली की जाते. इथं नुसतीच चाललीय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, गाव लहान आहे ना तुमचं? लहान गावात फ्लूला एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला हवेची मदत लागते. हवा सुकली की त्याला पाय फुटतात, भराभर सगळ्यांना गाठतो, आणि गाठायला कुणी उरलं नाही की संपतो. इथं माणसाला माणूस चिकटलंय. बस, लिफ्ट, ऑफिस. त्याला हवेच्या मर्जीची तेवढी गरजच नाही. हवा कोरडी असली तर जोर करतो, दमट असली तर जरा दबतो, एवढंच. लवकर सुरू होतो आणि उशिरापर्यंत रेंगाळतो. भडकत नाही, धुमसत राहतो."

मास्तरांना ते चटकन कळलं. "मग ओसरतो कधी?"

"उन्हाळ्याच्या तोंडावर म्हणा. पण अमुक दिवशी संपला असं नाही सांगता यायचं. का?"

मास्तरांनी सांगितलं. काचेची पेटी, वर्दळ नको, समोरची खोली, अर्धा जिना, सगळं.

"वर्दळ नको म्हणजे खोकणारी माणसं नकोत, गर्दी नको," त्या हळूच म्हणाल्या. "आजोबा नकोत असं नव्हे. तुम्ही लस घेऊन, मास्क लावून, हात धुऊन पहिल्या आठवड्यात गेला असतात तरी चाललं असतं. उलट त्या आईला जरा..." मग त्यांनी औषधं लिहून दिली, आणि ताप गेल्यानंतर किती थांबायचं, काय काळजी घ्यायची, ते दोनदा समजावून सांगितलं.

बरं वाटेपर्यंत मास्तर खोलीत पडून राहिले. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून विचार करत राहिले. विचार कसला, एकच गोष्ट होती आणि ती कुठल्याही बाजूने पाहिली तरी तशीच दिसत होती. लेकीचा आणि नातीचा आख्खा हिवाळा त्यांच्या एका शब्दावर कोंडून पडला होता, आणि तो शब्द या शहरात फुकट होता.

पण त्यातून सुटायची वाटही सोपी होती. बाहेर पुन्हा धुकं होतं. "संपली साथ," एवढंच म्हणायचं. लेकीने कधीच पडताळून पाहिलं नसतं. दार उघडलं असतं, हवामास्तर हवामास्तरच राहिले असते, आणि तिला आपण उगाच कोंडून घेतलं हे कधी कळलंही नसतं. कळून तिचं भलं काय होणार होतं? हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारला. उत्तर दर वेळी सोयीचंच आलं.

मनाशी तसं ठरवून त्यांनी दुपारी फोन लावला. लेक समोरच्या खिडकीत आली, एका हातात फोन, खांद्यावर बाळ.

"मला बोलायचंय. हवेबद्दल," मास्तर म्हणाले.

समोरच्या काचेआड लेक मटकन खुर्चीत बसलेली त्यांना दिसली. "संपली? खरंच? बाबा, मला वाटलं होतं आता माझं डोकं फिरणार. सासूबाई दोनदा दारातून परत गेल्या, किती लागलं त्यांना. मैत्रीण म्हणाली, तुला वेड लागलंय, इतकं कुणी करतं का. मी सगळ्यांना एकच सांगत होते, माझे बाबा सांगतील तेव्हाच. त्यांचं आजवर चुकलेलं नाही. बाबा, मी भिंतींशी बोलायला लागले होते हो."

ठरवलेलं वाक्य मास्तरांच्या ओठांवर होतं. सासूबाई परत गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ते वाक्य काही केल्या बाहेर पडेना.

"चुकलंय," ते म्हणाले.

"काय?"

"माझं चुकलंय. इथली साथ संपत नाही, तशी येतही नाही. इथली हवा मला कळतच नव्हती. तुझ्या डॉक्टरांनी मला अडवलंच नव्हतं, मी मला अडवलं. लस घेऊन, मास्क लावून पहिल्या आठवड्यातच येता आलं असतं. मला परवापरवा कळलं. मला ताप होता, तेव्हा दवाखान्यात कळलं."

काचेआड लेकीने बाळ खांद्यावरून मांडीवर घेतलं.

"पहिल्या आठवड्यात," लेक म्हणाली.

"हो."

"आणि सासूबाई? त्या पण?"

"त्या पण."

फोन बंद झाला. काचेआड ती उठली, वळली आणि आत गेली. पडदा ओढला नाही. रिकामी खुर्ची तेवढी दिसत राहिली.

त्यानंतर मास्क लावून पिशवी ठेवली, बेल वाजवली, तरी दार उघडेना. पिशवी दुपारपर्यंत आत गेलेली असायची, म्हणजे घेत होती. खिडकीत कुणी येत नव्हतं. फोन वाजून वाजून थांबायचा. मास्तरांनी तिला दोष दिला नाही. दोष द्यायचा तर तो कुणाला, हे त्यांना पाठ झालं होतं. आपल्या गावात आपण चुकलो असतो तर सगळ्या गावाने मिळून चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता, असं त्यांना वाटे. इथं रागवायला त्यांच्या वाट्याला एकच माणूस होतं, आणि तेही बोलत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली मुदत संपली तेव्हा त्यांनी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, मास्क लावला आणि रस्ता ओलांडला. बेल दाबली. आणि सवयीने अर्धा जिना उतरून उभे राहिले.

दार उघडलं. लेकीने खाली पाहिलं. "तिथं काय करताय?" ती म्हणाली. आवाजात राग होता, डोळ्यांत जागरण होतं. "वर या."

आत गेल्यावर तिने बोटाने बेसिन दाखवलं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. टॉवेल तिने हातात दिला नाही, खुंटीवर होता तो त्यांनीच घेतला. मग ते खुर्चीत बसले आणि तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

जड होतं. मास्तरांनी सगळा हिवाळा मनात एक वजन धरून ठेवलं होतं, ओंजळीत मावेल एवढं, आणि हे ते नव्हतं. चांगलं गुबगुबीत बाळ होतं, मान धरणारं, मुठीत त्यांच्या शर्टाचं बटण गच्च पकडणारं. त्याने मास्तरांकडे रोखून पाहिलं. अर्धं तोंड झाकलेला एक अनोळखी म्हातारा. मग त्याचा चेहरा चुरगळला आणि त्याने भोकाड पसरलं.

"घेतेस का?" मास्तर म्हणाले.

"नाही. तुम्ही घ्या. रडेल थोडी."

त्यांनी घेतलं. थोपटलं, हलवलं, जे जे आठवलं ते केलं. रडणं बऱ्याच वेळाने हुंदक्यांवर आलं. लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने दोन्ही तळवे समोर धरले, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, एखाद्या वस्तूचं माप दाखवावं तसे.

"घरी आणली तेव्हा एवढी होती, बाबा," ती म्हणाली. "तेवढीला माझ्याशिवाय कुणी घेतलंच नाही."

मास्तर त्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. लेकीने हात तसेच थोडा वेळ धरून ठेवले, मग खाली घेतले आणि झोपायला आत गेली.